क्रोशाने विणलेली भेटवस्तूंची वेष्टने : ओटीची पिशवी, आहेराचे पाकीट, धोंड्याचे वाण

मुका खांब (परभणी)

नमस्कार मंडळी,

गेल्याच्या आधीच्या मार्गशीर्षात धाकट्या नणंदेची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि खारीक असे सगळे रीतसर पदरात पडले, पण ती गावी जायला निघाली तेव्हा हे न्यायचे कशात, हा प्रश्न उभा राहिला. शेवटी स्वयंपाकघरातून एक दुमडलेली प्लास्टिकची पिशवी शोधून दिली. बसस्थानकावर तिचा बंद तुटला, नारळ घरंगळत गेला आणि ओटीचे तांदूळ फलाटावर सांडले. नणंद खाली बसून एकेक दाणा पदरात गोळा करीत होती. इतक्या मायेने दिलेली वस्तू आपण इतक्या निष्काळजीपणे बांधून दिली, याचे मला फार वाईट वाटले. त्याच आठवड्यात मी ओटीसाठी क्रोशाची पहिली पिशवी विणायला घेतली.

आता दीड वर्षात मी अशी तीसेक वेष्टने विणली आहेत. त्यातून जे उमगले ते येथे मांडते; आपणही आपापले अनुभव लिहावेत, ही विनंती.

पहिली गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. वेष्टन पुन्हा वापरता येण्याजोगे आहे एवढ्याने ते पुन्हा वापरले जात नाही. माझ्या सुरुवातीच्या चार थैल्या दिसायला सुंदर होत्या, पण त्या ज्यांच्या घरी गेल्या तेथे कपाटातच पडून राहिल्या, कारण भेट काढून घेतल्यावर त्या थैलीचे करायचे काय, हे मी विणताना ठरवलेच नव्हते. तेव्हापासून मी आधी वेष्टनाचे दुसरे काम ठरवते आणि मग सुई हातात घेते. ओटीची पिशवी नंतर भाजीला नेता आली पाहिजे. आहेराच्या पाकिटात पुढे चष्मा किंवा बँकेचे पासबुक राहिले पाहिजे. फराळाच्या डब्याची गवसणी नंतर रोजच्या जेवणाच्या डब्याला बसली पाहिजे. दुसरे काम ठरले की माप, वीण, दोऱ्याची जाडी आणि रंग या गोष्टी आपोआप ठरत जातात.

दुसरा मार्ग आपल्याकडे पूर्वीपासून आहेच. शेजारून आलेले भांडे आपण रिकामे परत करीत नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालून देतो. ओटीच्या पिशवीलाही मी तोच नियम लावला. नणंदेला देतानाच सांगितले की ही पिशवी फिरती आहे. ती नागपंचमीला परत आली तेव्हा तिच्यात तिच्या परसातल्या शेवग्याच्या शेंगा होत्या. तीच पिशवी महालक्ष्म्यांच्या वेळी जाऊबाईंकडे गेली आणि दिवाळीत पुन्हा माझ्याकडे आली.

आता दोऱ्याविषयी. वेष्टनासाठी सुती दोराच घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. ज्याला आपण सर्रास लोकर म्हणतो ती बाजारातली स्वस्त, चमकदार लोकर बहुतेक वेळा ॲक्रिलिकची असते आणि ॲक्रिलिक म्हणजे शेवटी प्लास्टिकच. ती गरम भांड्याच्या संपर्कात वितळते, आणि धुताना तिचे बारीक तंतू पाण्यात जातात. भेटीचा चकचकीत कागद नको म्हणून आपण विणायला बसतो (त्यातला रुपेरी कागद हा बहुतेकदा धातूचा मुलामा दिलेला प्लास्टिकचा पापुद्राच असतो), आणि मग प्लास्टिकचाच दोरा वापरतो, हे मला पटत नाही. शिवाय कापूस आपल्या काळ्या मातीतला आहे. १ जुलै २०२२ पासून मिठाईच्या डब्यांवर आणि निमंत्रणपत्रिकांवर गुंडाळायच्या प्लास्टिकच्या पातळ आवरणावर देशभर बंदी आहे, पण लग्नसराईत ते आवरण आजही सर्रास दिसते.

सुती दोऱ्याची एक खोड मात्र मला महागात पडली. एका दुकानातून आणलेल्या लाल दोऱ्याची थैली विणून मी तिच्यात मावशींसाठी पांढरी सुती साडी ठेवली होती. दिवस पावसाळ्याचे होते. थैली दमट झाली आणि साडीच्या घडीवर गुलाबी डाग उमटले. आता प्रत्येक गडद रंगाच्या दोऱ्याचा हातभर तुकडा आधी ओल्या पांढऱ्या कापडात गुंडाळून रात्रभर ठेवते. सकाळी कापड कोरे निघाले, तरच तो दोरा वापरते.

माझ्या मापासाठी आधार असा : २.५ मिलिमीटरची सुई, मध्यम जाडीचा सुती दोरा आणि मुक्या खांबांची, म्हणजे क्रोशाच्या बुटक्या, दाट टाक्यांची वीण. माझ्या हाताने १० सेंटिमीटरमध्ये २४ खांब आणि २६ ओळी बसतात. प्रत्येकीचा हात वेगळा असतो, कोणी घट्ट विणते, कोणी सैल, म्हणून आधी तळहाताएवढा चौकोन विणून मोजावा आणि मगच पुढचे आकडे घ्यावेत.

*आहेराचे पाकीट.* पाचशेची नवी नोट १५० मिलिमीटर लांब आणि ६६ मिलिमीटर रुंद असते. शंभराची आणि दोनशेची लांबीला थोडी कमी असते. म्हणून तयार पाकीट १७ सेंटिमीटर लांब आणि साडेआठ सेंटिमीटर उंच असावे. ४२ साखळ्या घालून, सुईपासूनच्या दुसऱ्या साखळीपासून ४१ मुके खांब घ्यावेत आणि अशा एकूण ५५ ओळी विणाव्यात. पहिल्या २२ ओळी पुढची बाजू, पुढच्या २२ मागची बाजू आणि उरलेल्या ११ ओळी झाकणाच्या. दोन्ही कडा मुक्या खांबांनीच जोडाव्यात. आहेरात वरचा एक रुपया लागतोच, तेव्हा झाकणाच्या आतल्या बाजूला नाण्यापुरता गोल खिसा लावला की तो रुपया हरवत नाही. ५० ग्रॅमच्या एका गुंड्यात अशी दोन पाकिटे होतात.

*ओटीची पिशवी.* येथे दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध जातात. तांदूळ सांडू नयेत म्हणून वीण घट्ट हवी आणि लहानमोठा कसाही नारळ मावावा म्हणून वीण ताणली जाणारी हवी. म्हणून तळ आणि खालचा भाग मुक्या खांबांचा, तर वरचा भाग जाळीचा करावा. ६ मुक्या खांबांनी गोल सुरू करून प्रत्येक फेरीत समान अंतरावर ६ खांब वाढवत जावे : ६, १२, १८, २४ असे करत सोळाव्या फेरीला ९६ खांब भरतात आणि तळाचा घेर ४० सेंटिमीटर होतो. पुढची एक फेरी खांबाच्या माथ्यावरच्या दोन दुव्यांपैकी फक्त मागच्या दुव्यात घालावी, म्हणजे तळ आणि भिंत यांच्यामध्ये नेमकी घडी पडते. त्यानंतर न वाढवता २१ फेऱ्या, म्हणजे सुमारे आठ सेंटिमीटर. मग जाळी : ५ साखळ्या घालून ३ खांब सोडावेत आणि चौथ्यात मुका खांब घ्यावा. फेरीत २४ कमानी होतात, आणि पुढच्या प्रत्येक फेरीत कमानीच्या मध्यावर टाका घ्यायचा. जाळीतून नारळाची शेंडी आणि खणाचे काठ दिसतात, ते मला फार आवडते. वर पुन्हा ९६ खांबांवर येऊन नाडी ओवण्यासाठी खांबांची एक मोकळी फेरी घालावी.

संक्रांतीच्या वाणाविषयी थोडक्यात सांगते. तीस-पस्तीस बायकांना द्यायचे असेल तर थैल्यांच्या वाटेला जाऊ नये. साबणाची वडी मावेल अशी सुती जाळीची छोटी पिशवी विणावी; तिच्यात तिळगुळाची पुडी घालून द्यावी. एकेका पिशवीला मला पंचवीस मिनिटे लागतात, म्हणजे तीस पिशव्यांना साडेबारा तास, तेव्हा दिवाळीचे फराळ संपले की सुरुवात करावी.

---

रानजाई (लातूर)

मुका खांब ताई, आपण मापे इतकी स्पष्ट दिलीत याबद्दल मनापासून आभार. ओटीच्या पिशवीचा तळ आजच सुरू केला आहे.

धुण्याविषयी थोडे लिहिते, कारण वेष्टन फिरते ठेवायचे म्हणजे ते धुतले जाणारच. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आलेले आम्ही लातूरकरांनी पाहिले आहे, त्यामुळे कोणतीही वस्तू हाती घेताना हिला किती पाणी लागेल, हा विचार मनात येतोच. त्या दृष्टीने मी पांढरा आणि मोतिया रंग टाळते. हळदीचा पिवळा, विटकरी आणि मेंदीचा हिरवा हे रंग निवडते, कारण हळदीकुंकवाचे बोट लागले तरी ते उठून दिसत नाही. दुसरे म्हणजे आमच्याकडचे बोअरचे पाणी जड आहे. त्यात साबणाला फेस येत नाही आणि दोन-तीन धुण्यांत दोरा कडक होऊन त्यावर पांढुरकी झाक येते. रिठ्याच्या पाण्यात भिजवून शेवटच्या पाण्यात अर्धे लिंबू पिळले, तर दोरा पुन्हा मऊ होतो, असा माझा अनुभव आहे. वाळवताना उलटी करून सावलीत आडवी पसरावी. टांगली की ओल्या दोऱ्याच्या वजनाने जाळी लांबते.

माझा प्रश्न असा की पेढ्यांसाठी किंवा बेसनाच्या लाडवांसाठी उभी राहणारी चौकोनी पेटी विणायची असेल, तर खळ कोणती घालावी? आमच्या आईच्या काळी रुखवतातले क्रोशाचे हंस आणि मोर साबुदाण्याच्या खळीने ताठ करत असत.

---

मुका खांब (परभणी)

रानजाई, लिंबाचे मला माहीत नव्हते, उद्याच करून पाहते.

खळीविषयी माझे मत प्रतिकूल आहे. रुखवतातला हंस काचेच्या पेटीत राहतो, त्याला खळ शोभते. वापरायच्या वस्तूला ती चालत नाही. साबुदाण्याची, मैद्याची किंवा भाताच्या पेजेची खळ असो, पहिल्याच धुण्यात ती उतरते आणि प्रत्येक वेळी नव्याने घालावी लागते. साखरेच्या पाकाने ताठ केलेल्या वस्तूला मुंग्या लागतात, आणि खळीचे कापड कपाटात राहिले तर कसर लागते. ताठपणा विणीतूनच आणावा. दोरा दोन पदरी घ्यावा आणि सुई नेहमीपेक्षा एक आकडा लहान घ्यावी. हाताला त्रास होतो हे खरे, पण भिंत उभी राहते.

लाडवांसाठी मात्र पेटी विणूच नये, असे मी म्हणेन. तुपाचा पदार्थ थेट दोऱ्याला लागता कामा नये. स्टीलचा डबा घ्यावा आणि त्याला गवसणी विणावी. डबा हीसुद्धा भेटच होते. तळ डब्याच्या बुडाएवढा झाला की वाढवणे थांबवावे आणि सरळ वर विणत जावे; गवसणीचा घेर डब्याच्या घेरापेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर कमी ठेवावा, म्हणजे ती ताणून बसते आणि घसरत नाही. तुपाचा डाग पडलाच तर त्यावर कोरडे हरभऱ्याचे पीठ चोळून तासभर ठेवावे आणि झटकून मग धुवावे.

---

जोंधळा (जालना)

मी स्वतः विणत नाही, परंतु माझ्या आत्याने चाळीस वर्षे शिवणकाम केले आणि तिच्या हाताखाली मी बरेच शिकलो. एक शंका आदरपूर्वक मांडतो. विणकामाला दोरा पुष्कळ लागतो, त्यातही सुयांवरच्या विणीपेक्षा क्रोशाला अधिक. एका पाकिटाला दोन तास आणि वीस-पंचवीस ग्रॅम सूत घालण्यापेक्षा जुन्या साडीच्या किंवा खणाच्या तुकड्याचे पाकीट शिवले, तर ते अर्ध्या तासात होते आणि नवा दोरा जवळजवळ लागतच नाही. जपानमध्ये चौकोनी कापडाला गाठी मारून भेट बांधण्याची फुरोशिकी नावाची पद्धत आहे. आपले गाठोडे तरी वेगळे काय आहे? मग क्रोशाच का?

---

मुका खांब (परभणी)

जोंधळा दादा, शंका अगदी रास्त आहे. जेथे कापड चालते तेथे कापडच वापरावे. साडी, शाल, पुस्तक अशा सपाट वस्तूंसाठी मीसुद्धा आता थैली विणत नाही. आईच्या जुन्या इरकलीचा चौकोन घेते आणि त्याच्या चारी कडांना क्रोशाची बारीक लेस लावते. पंधरा ग्रॅम दोऱ्यात काम भागते आणि काठ विरत नाहीत.

क्रोशाची जागा जेथे ताण लागतो तेथे आहे. नारळ, बाटली, तांब्या, डबा आणि कुंडी या गोलाईच्या वस्तू कापडात बांधल्या की चुण्या पडतात; वीण मात्र त्यांच्या अंगाला धरून बसते. आणखी एक गुण असा की क्रोशाचे काम शेवटच्या टोकापासून पूर्ण उसवता येते. कापड एकदा कापले की त्याचा आकार ठरला. तीन वर्षांनी ही पिशवी नकोशी झाली तर तिचा गुंडा होतो. उसवलेला दोरा वळ्या पडून कुरळा होतो, तो खुर्चीच्या पाठीला गुंडाळून त्याची लड करावी, लड ओली करावी आणि खाली हलके वजन बांधून सावलीत टांगावी. वाळल्यावर तो सरळ होतो. पुढे उसवायचे आहे हे लक्षात ठेवून विणताना दोरा कमीत कमी वेळा तोडावा आणि टोके गाठ मारून कापण्याऐवजी सुईने विणीत ओवून लपवावीत.

---

दख्खनी (छत्रपती संभाजीनगर)

आमच्या घरी ईदला मुलांना ईदी देण्याची चाल आहे. ईदी बहुधा दहा, वीस आणि पन्नासच्या कोऱ्या नोटांची असते, म्हणून आपल्या मापाचे पाकीट तिला मोठे पडते आणि नोटा आत सरकत राहतात. मी मोजून पाहिले : दहाची नोट १२३ मिलिमीटर, वीसची १२९ आणि पन्नासची १३५ मिलिमीटर लांब आहे. तेव्हा १५ सेंटिमीटरचे पाकीट पुरते. आपल्याच विणीने ३६ खांब घ्यावेत. मुले पैसे काढून घेतात आणि पाकिटात पेन्सिली ठेवतात, त्यामुळे माझ्यापुरते त्याचे दुसरे काम मुलांनीच ठरवून टाकले आहे.

शीरखुर्म्याचा सुका मेवा नातेवाइकांकडे पाठवायचा असतो. खारीक, चारोळी आणि बदाम जाळीतून पडू नयेत म्हणून थैलीला अस्तर लावावे लागते. अम्मीकडे हिमरूच्या जुन्या शालीचे तुकडे होते. तेच मी आतून लावले. अस्तर वीणीपेक्षा जरा मोठे कापावे, असे माझ्या अनुभवावरून सांगते. नेमक्या मापाचे कापले होते तेव्हा विणीने ताण घेतला आणि अस्तर शिवणीपाशी फाटले. अस्तर फक्त तोंडापाशी टाचावे आणि तळाशी मोकळे सोडावे, म्हणजे धुताना ते बाहेर उलटे काढता येते.

---

उभा धागा (नांदेड)

ही चर्चा वाचून आनंद झाला. मी आमच्या बचत गटातल्या सहा जणींबरोबर क्रोशाचे काम विक्रीसाठी करते, म्हणून किमतीविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते.

क्रोशाची खरी वीण यंत्रावर होत नाही. लोकरीचा स्वेटर यंत्र विणते, क्रोशाची थैली मात्र जगात कोठेही झाली तरी कोणाच्या तरी हातांनीच झालेली असते. आपली गोदावरी पैठणवरून, नांदेडवरून पुढे वाहत जाऊन आंध्रात समुद्राला मिळते, तेथे तिच्या काठच्या नरसापूर भागातल्या हजारो बायका पिढ्यान्‌पिढ्या क्रोशाची लेस विणत आल्या आहेत. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी ही कला तेथे नेली आणि २०२४ मध्ये त्या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. नदी तीच आहे. आमच्या गटातल्या बायकांना हे सांगितले तेव्हा आपण करतो ते काम फावल्या वेळचे नाही, हे त्यांना प्रथमच जाणवले.

मागच्या लग्नसराईत एका व्यावसायिकाने आमच्याकडे आहेराची दोनशे पाकिटे मागितली आणि भाव देऊ केला नगाला ५० रुपये. मुका खांब ताईंच्या मापाने हिशेब करा : ४१ खांब गुणिले ५५ ओळी म्हणजे २,२५५ टाके. सराईत हाताने मिनिटाला वीस टाके धरले तर जवळजवळ दोन तास होतात. आम्हाला एका पाकिटाचा दोराच ४५ रुपयांना पडत होता. म्हणजे दोन तासांच्या कामाचे पाच रुपये. आम्ही नम्रपणे नकार दिला. दोनशे पाकिटांचे काम गेले याचे दुःख झाले, पण त्या भावाला होकार दिला असता तर पुढच्या प्रत्येक ग्राहकाने तोच भाव मागितला असता.

ज्यांना विणता येत नाही पण अशी वेष्टने हवी आहेत, त्यांना विनंती आहे की घासाघीस करण्यापूर्वी टाके मोजावेत. आणि ज्या विणून विकतात त्यांनी पाकिटासोबत एक चिठ्ठी द्यावी, तिच्यावर दोरा सुती असल्याचे, धुण्याची रीत आणि उसवण्याचे टोक कोठे आहे, हे तीनच मुद्दे लिहावेत. आमच्या गटाने हे सुरू केल्यापासून लोक पाकीट टाकून देत नाहीत, उलट नाडी तुटली तर दुरुस्तीला घेऊन येतात.

---

बांधावरून (धाराशिव)

धोंड्याच्या वाणाचा उल्लेख शीर्षकात आहे, पण त्याविषयी अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून मी लिहिते.

अधिक मासात जावयाला ३३ अनारसे देण्याची आपली पद्धत आहे, आणि अनारसे नसतील तर बत्तासे किंवा म्हैसूरपाक, म्हणजे पदार्थ जाळीदार असावा, असा संकेत आहे. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला तेव्हा सासूबाई म्हणाल्या की वाण जाळीदार आहे तर त्यावरचे झाकणही जाळीदारच असू द्या. त्यांच्या या एका वाक्यावरून मी ताटावर घालायचा गोल रुमाल विणला. मधोमध मुक्या खांबांचे दाट फूल ठेवले आणि बाहेर साखळ्यांच्या कमानी वाढवत नेल्या. रुमालाच्या शेवटच्या फेरीत ३३ कमानी आल्या आणि प्रत्येक कमानीच्या टोकाला काचेचा एकेक मणी ओवला. मणी विणताना ओवता येत नाहीत. ते सगळे आधीच दोऱ्यात ओवून घ्यावे लागतात आणि एकेक करून वर सरकवावे लागतात. मी हे विसरले होते, म्हणून शेवटची पूर्ण फेरी उसवून दोरा तोडला, ३३ मणी ओवले आणि पुन्हा विणली.

मण्यांच्या वजनामुळे रुमाल वाऱ्याने उडत नाही. लेकीच्या घरी तो आता दुधाच्या पातेल्यावर असतो. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे. तेव्हाच्या वाणावर तोच रुमाल यावा, अशी जावयांनी स्वतः इच्छा बोलून दाखवली आहे.

---

रानजाई (लातूर)

बांधावरून काकू, ३३ कमानींची कल्पना फारच सुंदर आहे.

मण्यांचा विषय निघाला म्हणून एक सावधगिरी नोंदवते. बारशाच्या भेटीला मणी, बटणे आणि गोंडे अजिबात लावू नयेत, कारण वेष्टन बाळाच्या पाळण्यात राहण्याची शक्यता असते आणि बाळ हाताला येईल ते तोंडात घालते. लांब नाडीही नको. जाळीच्या मोठ्या भोकांत किंवा सुटलेल्या दोऱ्यात बाळाचे बोट अडकले तर दोरा आवळला जाऊन रक्तपुरवठा थांबू शकतो. बारशासाठी दाट विणीची चौकोनी टोपली करावी, तिच्यात नंतर लंगोट आणि दुपटी ठेवता येतात.

---

जोंधळा (जालना)

मुका खांब ताई, आपले उत्तर वाचून मी स्वतःच सुई हातात घेतली. आत्याने साखळी आणि मुका खांब दाखवला. ओटीच्या पिशवीचा तळ नवव्या फेरीपर्यंत आणला आहे, पण तो सपाट बसत नाही. कडेला झालर आल्यासारखा वरखाली होतो. माझा हात सैल पडतो आहे का?

---

मुका खांब (परभणी)

दादा, हात सैल असता तर वीण मोठी झाली असती, झालर आली नसती. झालर येते ती खांब जास्त वाढवल्यामुळे, आणि कमी वाढवले तर तळ वाटीसारखा वर वळतो. नवव्या फेरीत ९ गुणिले ६, म्हणजे ५४ खांब हवेत. कृपया मोजून सांगावे. फेरीचा पहिला खांब ओळखू यावा म्हणून त्यात वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेवावा. बहुतेक वेळा चूक तेथेच होते, पहिल्या खांबात दोनदा टाका पडतो.

---

जोंधळा (जालना)

मोजले. ६२ भरले. फेरीच्या सुरुवातीला खरोखरच प्रत्येक वेळी एक खांब जास्त पडत होता. दुसऱ्या फेरीपर्यंत उसवले, लाल दोऱ्याची खूण अडकवली आणि पुन्हा विणले. आता ५४ आहेत आणि तळ पाटावर सपाट बसतो आहे. नाडीसाठी किती साखळ्या घ्याव्यात?

---

मुका खांब (परभणी)

साखळ्या मोजण्यापेक्षा लांबी मोजावी. घेराच्या अडीच पट, म्हणजे ४० सेंटिमीटरच्या घेराला एक मीटर. साखळी झाली की तिच्यावर परत फिरून प्रत्येक साखळीत सरकता टाका (दोरा नुसता ओढून घेतलेला, उंची नसलेला टाका) घ्यावा. नुसत्या साखळीची नाडी नारळाच्या वजनाने ताणून बारीक होते, ही टिकते. दोन नाड्या करून समोरासमोरच्या बाजूंनी ओवल्या, तर दोन्ही टोके ओढताच तोंड घट्ट मिटते आणि पिशवी हातात धरायला बंदही आपोआप तयार होतो.